व्यायाम पक्का, गाणं अर्धवट: गिटारच्या सरावातली नेहमीची अडचण कशी शोधायची

नवीन माणूस क्लासला आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "सर, रोज टेक्निकला किती वेळ द्यायचा आणि गाण्यांना किती?" उत्तर शेवटाकडे दिलं आहे. आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा. एकही जुळत नसेल तर गिटार उचला आणि वाजवत बसा, तुम्हाला याची गरज नाही.

लक्षणं

- दहा-बारा गाण्यांची सुरुवात येते, पण शेवटपर्यंत एकही जात नाही.
- एक-दोन-तीन-चार हा बोटांचा व्यायाम मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला १२० च्या लयीत सफाईने होतो, पण गाण्यात जी कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावरून) सीवर जाताना हात थबकतो.
- किंवा याच्या बरोबर उलट. गाणी भरपूर येतात, पण सगळी त्याच चार कॉर्डची आणि एकाच स्ट्रमिंगची, म्हणजे तारांवर हात वर-खाली फिरवण्याच्या एकाच पद्धतीची. एफ दिसला की गाणंच बदलायचं.
- एकट्याने वाजवताना ठीक असतं. शेजारी कुणी गायला लागलं की लय सुटते.
- अर्धा तास बसता, पण उठताना आज काय सुधारलं ते सांगता येत नाही.
- "वाजव की काहीतरी" असं कुणी म्हटलं की गिटार जुळवण्यातच पाच मिनिटं जातात, आणि मग वाजवायला काही सुचत नाही.

पहिल्या दोन लक्षणांची माणसं व्यायामवाली, तिसऱ्यातली गाणंवाली. दोघांनाही वाटतं की आपलं वेळेचं गणित चुकतंय. बहुतेक वेळा ते चुकलेलं नसतं. चूक अशी असते की सकाळी केलेला व्यायाम संध्याकाळच्या गाण्यात कुठेच लागत नाही. पण थेट या निष्कर्षावर उडी मारू नका. त्याआधी तपासायच्या काही फुकटच्या गोष्टी आहेत, आणि अडचण तिथेच सापडली तर पुढचे सगळे कष्ट वाचतात.

तारा जुळलेल्या आहेत का?

जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. फोनवर फुकट ट्यूनर मिळतो, त्यात ए हा ४४० हर्ट्झवर आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या. कुणीतरी सेटिंग बदललेलं असतं. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावल्यावर तारांचा सूर थोडा चढतो, म्हणून कॅपो लावून झाल्यावर पुन्हा जुळवा.

ही तपासणी आधी का? कारण बेसूर गिटारवर बरोबर धरलेली कॉर्डसुद्धा चुकीची ऐकू येते. शिकणाऱ्याला वाटतं बोटंच नीट पडत नाहीत, आणि तो गाणं सोडून पुन्हा व्यायामाकडे वळतो. आणखी एक. जुन्या रेकॉर्डिंगचा सूर कधी कधी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो. अशा गाण्यासोबत वाजवून "माझंच चुकतंय" असं ठरवू नका.

गिटार साथ देतेय का?

दोन मिनिटांची चाचणी आहे. नेहमी अवघड जाणारी कॉर्ड धरा आणि किती जोर लागतो ते बघा. आता पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, कॅपो लावा आणि तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. एकदम सोपं वाटलं तर नट उंच आहे, म्हणजे तारा ज्या खाचांतून डोक्याकडे जातात त्या खाचा पुरेशा खोल नाहीत. अशा गिटारवर पहिल्या फ्रेटवरचा एफ वाजवणं अनुभवी माणसालाही जड जातं. तुमच्या सरावात खोट नाही. दुरुस्तीचं खाली लिहिलं आहे. तोवर कॅपो लावूनच वाजवा, त्यात कमीपणा काही नाही.

एक गाणं, न थांबता, फोनवर रेकॉर्ड करून

वेळ एकाच तपासणीपुरता असेल तर ही करा. खर्च शून्य, आणि बाकी सगळ्या तपासण्या मिळून जेवढं सांगतात तेवढं ही एकटी सांगते. तरी लोक हीच टाळतात, कारण स्वतःचं वाजवणं ऐकवत नाही.

गाणं कुठलंही चालेल. काहीच पूर्ण येत नसेल तर 'हॅपी बर्थडे' घ्या. हसू नका. सोसायटीत कुणाचा वाढदिवस असला की गिटारवाल्याला हेच वाजवायला सांगतात, आणि निम्म्यांना ते येत नाही. कॉर्ड तीनच: जी, डी आणि सी. पण गाणं तीन मात्रांत चालतं, आणि समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उठतं. 'हॅपी' हा शब्द समेच्या आधी येतो, सम 'बर्थ'वर पडते. चार मात्रांचं पाठ केलेलं स्ट्रमिंग यात बसतच नाही. कॉर्डचा क्रम, समेपासून तीन मात्रांच्या एकेका आवर्तनाला: जी, डी, डी, जी, जी, सी, मग एका आवर्तनात दोन मात्रा जी आणि एक मात्रा डी, शेवटी जी. आठ आवर्तनांत खेळ संपतो.

नियम एकच. चूक झाली तरी उजवा हात थांबवायचा नाही. चुकीची कॉर्ड वाजली तर वाजू द्या, मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्या, पुढच्या समेला परत गाठा. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की कान चुका लपवतो.

ऐकताना कागद घ्या आणि फक्त थांबे लिहा. चुकीचे सूर मोजू नका. गाणाऱ्या माणसाला एखादी कॉर्ड चुकलेली कळतही नाही, पण अर्ध्या मात्रेचा थांबा आला की तो लगेच अडखळतो. थांब्यांवरून निदान असं होतं:

थांबा प्रत्येक वेळी त्याच एक-दोन जागी येतो. हा तंत्राचा दोष, आणि तो तेवढ्याच जागेचा आहे. चांगली बातमी. पूर्ण हात कच्चा नाही, दोन कॉर्डमधला एक सांधा कच्चा आहे.

थांबा दर वेळी वेगळ्या जागी येतो. बोटं ठीक आहेत, गाणं पाठ नाही. गिटार खाली ठेवा, गाणं ऐका, शब्दांवर कॉर्ड लिहा, गाडीत बसल्या बसल्या मनात म्हणा. या माणसाला आणखी व्यायाम देणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

थांबा नाही, पण शेवटी गाणं सुरुवातीपेक्षा बरंच जलद झालेलं असतं. हा लयीचा दोष. पुढची तपासणी खास त्यासाठीच आहे.

पहिल्या कडव्यानंतर तुम्ही स्वतःच वाजवणं सोडून दिलंत. यात दोष कसलाच नाही, ही फक्त सवय आहे. व्हिडिओवर पहिलं कडवं शिकायचं आणि पुढच्या व्हिडिओकडे जायचं, हीच सवय लागलेली असते. एक गाणं निवडा आणि ते शेवटपर्यंत जात नाही तोवर नवीन उघडू नका.

उजवा हात एकटा चालतो का?

डाव्या हाताने तारा हलक्या दाबून बंद करा, म्हणजे सूर न येता फक्त खट-खट येईल. आता गाणं म्हणत म्हणत नुसता ठेका धरा. आपली बरीचशी गाणी केरव्याच्या आठ किंवा दादऱ्याच्या सहा मात्रांत बसतात. व्हिडिओवरचं लोकप्रिय स्ट्रमिंग मात्र बहुधा चाराच्या हिशेबाचं असतं. केरव्यात ते खपून जातं, दादऱ्यात हात आणि गाणं दोन दिशांना जातात. मग माणूस म्हणतो, "कॉर्ड बदलायला वेळ पुरत नाही." वेळ पुरत असतो, सम चुकलेली असते.

सम कुठे आहे ते कळत नसेल तर टाळी देऊन बघा. घरात कुणी तबला किंवा ढोलकी वाजवणारं असेल तर त्याच्याकडून दहा मिनिटांत जे कळेल ते पाच व्हिडिओंतून कळणार नाही. बंद तारांवर ठेका टिकत नसेल तर डाव्या हाताचा सगळा सराव आठवडाभर बाजूला ठेवा.

कॉर्ड बदलण्याचा हिशेब

एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा स्वच्छ बदल होतो ते मोजण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. आकडा किती हवा हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि लोक उगाच साठच्या मागे लागतात. हवा असलेला आकडा तुमचं गाणंच सांगतं. गाणं मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत आहे आणि दर चार मात्रांनी कॉर्ड बदलते असं धरा. ८० भागिले ४, म्हणजे मिनिटाला २० बदल. थोडा हात राखून २५ ते ३० जमले की त्या गाण्यासाठी बस झालं. कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलत असेल तर ४० लागतात, आणि तिथे खरंच आणखी सराव हवा.

व्यायामवाल्यांसाठी हा हिशेब महत्त्वाचा. तुमचे ३५ बदल होत असतील आणि गाण्याला २० पुरत असतील, तरीही गाणं अडत असेल, तर वेग वाढवून काहीही सुटणार नाही.

पट्टी बघा

लवकर आटपणारी तपासणी. गाणारी म्हणते "काळी चार" आणि तुम्ही इंटरनेटवरच्या कॉर्ड धरून बसलात, तर तिचा आवाज फाटणार आणि तुमची लय सुटणार. काळी चार म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. पांढरी दोन हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार. एकट्याने जमतं पण गाणाऱ्यासोबत बिघडतं, या तक्रारीत पट्टीचा वाटा मोठा असतो.

आता वेळेचं गणित

आठवडाभर वहीत दोन रकाने करा: तंत्र आणि गाणं. ठरवलेला वेळ लिहू नका, प्रत्यक्ष झालेला लिहा. यूट्यूब बघण्यात गेलेला वेळ दोन्हीकडे धरू नका. बऱ्याच जणांची वही तिसऱ्या दिवशीच बोलायला लागते.

मोजमाप म्हणून एक आधार देतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनची शास्त्रीय गिटारची ग्रेड परीक्षा आपल्याकडेही मुलं देतात. तिथे १०० पैकी ६६ गुण तीन रचना वाजवण्याला असतात, तांत्रिक कामाला १४, आणि उरलेले २० पूरक चाचण्यांना. शास्त्रीय गिटारसारख्या शिस्तीच्या विषयातही वजन रचनांकडे आहे. परीक्षा म्हणजे सर्वस्व नव्हे हे मान्य, पण रोज तासभर फक्त बोटांचे व्यायाम करणाऱ्याने हे आकडे एकदा बघावेत.

रोज अर्धा तास मिळतो असं धरून, व्यायामवाल्याने तीन-चार मिनिटं हात मोकळा करावा, दहा मिनिटं गाण्यातली अडलेली जागा घ्यावी, आणि उरलेला वेळ पूर्ण गाणं वाजवावं. गाणंवाल्याने पंधरा मिनिटं एकाच कच्च्या जागेला द्यावीत, रोज तीच जागा, आणि मग गाणी. दोघांनीही दिवसाआड एखादं जुनं, पूर्ण झालेलं गाणं वाजवून ताजं ठेवावं, नाहीतर नवीन येईपर्यंत जुनं जातं. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. बोटांच्या टोकांची कातडी रोजच्या वाजवण्याने घट्ट होते, रविवारच्या मॅरेथॉनने ती फक्त सोलवटते.

अडलेली जागाच व्यायाम करा

आतापर्यंत अडचण सुटली नसेल तर ती इथे आहे. हे करायला कठीण आहे, कारण यात रोज डोकं लावावं लागतं. तयार व्यायामपत्रिका इथे चालत नाही.

ए मायनर, एफ, सी, जी असं फिरणारं गाणं घ्या आणि थांबा एफवर येतो असं धरा. शिकणारा काय करतो? एफ धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, शंभर वेळा. गाण्यात तरीही अडतो. कारण गाण्यात एफ हवेतून येत नाही, तो ए मायनरनंतर येतो. म्हणून सराव सांध्याचा करायचा: ए मायनरची शेवटची मात्रा आणि एफची पहिली. एवढंच. सुरुवातीला स्ट्रमिंग न करता नुसती बोटं हलवा आणि कुठलं बोट उशिरा पोचतं ते डोळ्यांनी बघा. उशीर बहुधा एकाच बोटाचा असतो.

पूर्ण बॅरेचा, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबण्याचा, एफ लगेच लागतो असंही नाही. एफ मेजर सेव्हन धरा (तारांचे आकडे बारीक तारेपासून मोजायचे): चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली तार मोकळी, जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. ए मायनरवरून इथे येताना तर्जनी हलतच नाही, दुसऱ्या तारेवर पहिल्याच फ्रेटला राहते. सीवरून येताना तर आणखी सोपं: तर्जनी जागेवर, मधलं बोट आणि अनामिका दोन्ही एकेक तार खाली सरकतात. हे जमलं की तर्जनी थोडी आडवी करून पहिल्या दोन तारा एकत्र दाबा, तो छोटा एफ. बॅरे स्वतंत्रपणे पाचव्या फ्रेटवर शिका, तिथे तार लवकर दबते, आणि आठवड्याला एकेक फ्रेट खाली या.

जी ते सी अडत असेल तर बहुतेक वेळा बोटं बदलूनच काम होतं. जी धरताना जाड तारेवर अनामिका, पाचवीवर मधलं बोट, बारीक तारेवर करंगळी ठेवा. मग सीला जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार सरकतात. पहिले दोन दिवस करंगळी कुरकुर करेल.

सांधा जमला की तो परत गाण्यात बसवायचा, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आधी चार मात्रा अलीकडून सुरू करा, मग ओळ, मग कडवं, लय ६० वर ठेवून. चुकलं तर लय उतरवा, पण थांबू नका. मग पुन्हा पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. तो थांबा गेला असेल तर तो व्यायाम संपला. वहीतून काढून टाका आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये जो थांबा सापडेल तो पुढच्या आठवड्याचा व्यायाम. व्यायामाला शेवट हवा. वर्षभर तोच चालू असेल तर तो कशासाठी सुरू केला होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

नुसत्या व्यायामांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. माउरो जुलियानीने १८१२ मध्ये उजव्या हाताचे १२० अभ्यास छापले, आणि ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. डाव्या हाताला काम जवळपास नाही, म्हणजे सगळं लक्ष उजव्या बोटांवर. व्यायाम कसा असावा याचा हा नमुना: एका वेळी एकच गोष्ट अवघड, बाकी सगळं सोपं. फिंगरस्टाइल किंवा शास्त्रीय वाजवायचं असेल तर त्यातले थोडे रोज घ्याच. लीड वाजवायचं असेल तर स्केलही लागणार. पण गाण्याला साथ करायची असेल, तर एक-दोन-तीन-चार १२० वरून १४० वर नेण्यात गाण्याचा काही फायदा नाही.

आणि कधी कधी गाणंच बदलावं. एकाच गाण्यात तीनपेक्षा जास्त नव्या गोष्टी असतील, म्हणजे नवी कॉर्ड, नवा ठेका, वेगळी पट्टी, मधेच पिकिंग, तर ते सहा महिन्यांनी घ्या. आवडीचं म्हणून धरून बसलात तर तेच नावडतं होतं.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

*गिटार दुरुस्त करणारा.* बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरून तारेची उंची मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर जाड तार साधारण २.५ मिलिमीटर, बारीक २ च्या आसपास असली की ठीक. ३.५ च्या वर गेली असेल तर तुम्ही सरावाने जे मिळवता ते गिटार काढून घेतेय. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर ४ आणि ३ मिलिमीटर चालतात. पावसाळ्यात, खास करून कोकणात आणि मुंबईत, लाकूड दमट हवा शोषून फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. जूनपर्यंत जमणारा एफ ऑगस्टमध्ये जमेनासा झाला तर आधी मोजपट्टी काढा.

तारा बदलणं तुम्ही स्वतः करू शकता. काही शे रुपयांचं काम आहे, आणि ०.०१२ इंचाच्या सेटऐवजी ०.०११ किंवा ०.०१० चा घेतला तर बोटांना लगेच फरक कळतो. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा मात्र कधीही चढवू नका, त्या ताणाने ब्रिज (तारा जिथे पेटीवर बांधलेल्या असतात तो लाकडी तुकडा) उखडतो. नट कानशीने घासणं आणि मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी सळई) फिरवणं ही घरी शिकायची कामं नाहीत. नट एकदा जास्त घासला गेला की नवाच घालावा लागतो. ब्रिजच्या कडेखाली कागद सरकत असेल तर तारा त्याच दिवशी सैल करा आणि गिटार दुकानात न्या.

*शिक्षक.* सांध्याचा सराव तीन आठवडे रोज करूनही थांबा त्याच जागी असेल, किंवा सगळे म्हणतात लय सुटते पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला ती ऐकूच येत नसेल, तर एकट्याने लढू नका. वर्षाची फी भरायची गरज नाही. एक-दोन बैठका मागा, रेकॉर्डिंग ऐकवा, आणि "ही एवढी जागा बघा" असं स्पष्ट सांगा. नाहीतर पहिल्या बैठकीत पुन्हा एक-दोन-तीन-चार सुरू होईल.

*डॉक्टर.* सुरुवातीच्या काही आठवड्यांत बोटांची टोकं हुळहुळतात, ते नेहमीचं आहे. मनगट दुखणं, अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं, बोटांना मुंग्या येणं किंवा ती बधिर होणं, हात दुखून रात्री जाग येणं, विश्रांती घेऊनही दुखणं न जाणं, यातलं काहीही असेल तर वाजवणं त्या दिवसापासून बंद. बाम चोळून पुढे रेटू नका, सवयीने ते जाणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जाताना गिटार सोबत न्या आणि रोज बसता तसं बसून धरून दाखवा, कारण दुखणं मनगटात असलं तरी कारण खांद्यात, बसण्यात किंवा अंगठ्याच्या पकडीत असू शकतं.